पोरांचं वजन, मोठ्यांचं पदक

जपानच्या ज्युदो महासंघाने मार्च २०२२ मध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय स्पर्धा बंद करून टाकली. पाचवी-सहावीतल्या मुलामुलींची ही स्पर्धा २००४ पासून भरत होती. त्या वर्षापुरती स्थगिती वगैरे काही नाही, सरळ बंद. महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष यासुहिरो यामाशिता. लागोपाठ २०३ लढतींत अपराजित राहिलेले आणि १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये पाय दुखावलेला असताना सुवर्णपदक घेतलेले. स्पर्धेला बिचकणारा हा माणूस नव्हे. महासंघाने दिलेली कारणं मात्र आपल्या ओळखीची आहेत. दहा-अकरा वर्षांच्या पोरांना वजन उतरवायला लावतात, पालक आणि प्रशिक्षक पंचांवर ओरडतात, आणि काहीही करून जिंकायचंच ही चढाओढ खालपर्यंत झिरपली आहे. आपल्या कुठल्याही जिल्हा स्पर्धेत प्रेक्षकांत तासभर बसलं तरी हे सगळं दिसतं.

उपनगरातल्या एका ज्युदो क्लबाच्या कामात मी काही वर्षं आहे. शिकवणारे सर वेगळे. माझ्याकडे हॉलची किल्ली, फीचा हिशेब, स्पर्धांचे फॉर्म आणि पालकांचे फोन. या खुर्चीतून जे दिसतं त्यावरून माझं मत पक्कं होत गेलं आहे. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी वजनगट, पदकं आणि प्रमाणपत्रांच्या स्पर्धा आपणही बंद कराव्यात. आणि क्लब चांगला की वाईट हे ठरवताना महापालिका, संघटना आणि पालक, तिघांनीही पदकं मोजणं सोडावं. दुसरी गोष्ट झाल्याशिवाय पहिली होणार नाही, म्हणून दोन्हींबद्दल लिहितो.

स्पर्धेच्या सकाळी सात वाजता वजनकाट्यापाशी काय चाललेलं असतं ते आधी सांगतो. शाळेच्या मैदानावर एक पोरगा पळत असतो. अंगात दोन टी-शर्ट, वर रेनकोटचं जॅकेट, मे महिन्यात. मधे थांबून तो थुंकतो. थुंकीनेही वजन उतरतं असं कुणीतरी सांगितलेलं असतं. आईच्या पिशवीत केळी आणि इलेक्ट्रालची बाटली तयार, पण काट्यावरून खाली उतरेपर्यंत हात लावायचा नाही. पोरगा चड्डीवर काट्यावर चढतो, आकडा तीनशे ग्रॅमने जास्त. वडील सरांकडे बघतात, सर घड्याळाकडे. 'अजून अर्धा तास आहे, पळ.' हा मुलगा पाचवीत आहे. आदल्या रात्री त्याला जेवायला दिलेलं नाही, आणि हे सांगताना वडिलांच्या आवाजात थोडा अभिमानच असतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला विनेश फोगाटचं वजन शंभर ग्रॅमने जास्त भरलं, तेव्हा वजन कसं उतरवतात हे सगळ्या देशाला कळलं. ती तिशीला टेकलेली, जगातली अव्वल कुस्तीपटू. सोबत डॉक्टर, आहारतज्ज्ञ. तरीही तिची काय अवस्था झाली ते आपण पाहिलं. दक्षिण कोरियाचा एक तरुण ज्युदो खेळाडू १९९६ च्या ऑलिम्पिकआधी वजन उतरवताना दगावला. त्यानंतरच्या वर्षी अमेरिकेत महिन्याभरात तीन कॉलेजवयीन कुस्तीगीर याच पायी गेले, तेव्हा कुठे तिथले नियम बदलले. हे सगळे मोठे, कमावलेल्या शरीराचे खेळाडू होते. आपण तोच खेळ वाढीच्या वयातल्या पोरांवर करतो, आणि कशासाठी? तीस किलोच्या गटातल्या जिल्हा पदकासाठी.

त्या पदकाचा हिशेबही एकदा मांडायला हवा. ज्युदोत कांस्यपदकं दोन असतात. म्हणजे गटात चारच मुलं आली तर चौघांनाही पदक. लहान वयात, त्यातही मुलींच्या गटात, जिल्ह्यातून चारच नावं येणं ही काही नवलाची गोष्ट नाही. बाय मिळाली तर एकही लढत न जिंकता कांस्य खिशात. रात्री व्हॉट्सॲपवर फोटो, आठवड्याभरात चौकात फ्लेक्स. फ्लेक्सवर मुलापेक्षा नगरसेवकाचा चेहरा मोठा असतो हा वेगळा विषय. 'जिल्हास्तरीय ज्युदो स्पर्धेत कांस्यपदक' हे वाचणाऱ्याला वाटतं, पोराने जिल्हा गाजवला. पोराला खरं काय ते माहीत असतं. मुलं या बाबतीत मोठ्यांपेक्षा प्रामाणिक असतात. 'काका, मी तर हरलो होतो ना?' असं विचारणारा एक तरी भेटतोच.

मग क्लब या भानगडीत पडतात कशाला? याचं उत्तर पैशात आहे आणि ते मान्य करायला लाज वाटायचं कारण नाही. ज्युदोला मॅट लागते. स्पर्धेचं नुसतं लढतीचं चौरस किमान आठ मीटर बाय आठ मीटर, भोवती सुरक्षेची जागा वेगळी. सरावाला तेवढं नाही मिळालं तरी पंधरा-वीस मुलं न धडकता पडू शकतील एवढी जागा हवीच. शहरात अशी जागा म्हणजे शाळेचा हॉल, समाजमंदिर, नाहीतर लग्नसराई संपल्यावरचं मंगल कार्यालय. हॉल दुसऱ्यांनाही दिलेला, त्यामुळे मॅट रोज अंथरायची आणि रोज उचलायची. जुन्या मॅटच्या कडा झिजतात, दोन मॅटमध्ये फट पडते, आणि त्या फटीत पायाचं बोट अडकून वाकडं होतं. आमच्याकडच्या निम्म्या दुखापती अशाच. नव्या मॅट घ्यायच्या तर फीमधून वर्षानुवर्षं पैसे साठवावे लागतात. फी वाढवली की ज्यांच्यासाठी क्लब आहे तीच मुलं आधी गळतात. रिक्षावाल्याची, भाजीवालीची, घरकाम करणाऱ्या बाईची.

अशा वेळी पालकाला काहीतरी दाखवावं लागतं. नाव घालून तीन महिने झाले की प्रश्न येतो, 'सर, स्पर्धा कधी?' सहा महिन्यांनी, 'बेल्ट कधी?' (त्यातले काही तोवरही 'कराटेचा क्लास' असंच म्हणत असतात, ते एक असो.) समोरच्या इमारतीतल्या क्लासने पोराला वर्षात तीन पट्टे आणि दोन पदकं दिलेली असतात. आमच्याकडचा मुलगा अजून पडायलाच शिकत असतो. अनुदानाचा किंवा हॉलच्या सवलतीचा अर्ज करायला जावं, तर तिथेही टेबलामागचा माणूस एकच विचारतो, 'राष्ट्रीय किती, राज्य किती?' बत्तीस मुलं रोज संध्याकाळी मोबाइल बाजूला ठेवून दीड तास घाम गाळतात, हे लिहायला त्या फॉर्मात रकानाच नसतो. मग क्लबवाले रकाना भरण्यासाठी पदकं गोळा करतात, आणि ती सर्वांत स्वस्तात मिळतात लहान वयोगटात.

यात जातं काय? वेळ जातो, आणि तोही नेमका जो पुन्हा मिळत नाही.

ज्युदोची पहिली पायरी म्हणजे उकेमी, पडण्याची कला. मागे पडताना हनुवटी छातीला लावायची, नजर आपल्या पट्ट्याच्या गाठीवर ठेवायची, आणि पाठ टेकता टेकता दोन्ही हात अंगापासून थोडे दूर तळव्यांसकट मॅटवर आपटायचे. डोकं जमिनीला लागता कामा नये. वाचायला एक मिनिट लागतं. नऊ वर्षांच्या मुलाच्या अंगात ते मुरायला महिने लागतात. आधी उकिडवं बसून, मग उभ्याने, मग कुणीतरी ढकलल्यावर, मग खरोखर फेकल्यावर. एकदा मुरलं की जन्मभर राहतं. आमच्याकडची एक मुलगी पावसात सायकलवरून घसरली, दप्तरासकट लोळण घेऊन उठली आणि शाळेत गेली. तिच्या आईने संध्याकाळी येऊन सांगितलेली ही गोष्ट कुठल्याही पदकापेक्षा माझ्या हिशेबात वर आहे. पण उकेमीने लढत जिंकता येत नाही. उलट स्पर्धेत पाठीवर व्यवस्थित पडलं की इप्पोन, म्हणजे पूर्ण गुण आणि लढतच जाते, म्हणून स्पर्धेच्या तयारीतली मुलं फेकलं जाताना अंग वळवायला, हात टेकवायला, डोकं टेकवून अंगाची कमान, म्हणजे ब्रिज करायला शिकतात. नियमात ब्रिजला मनाई आहे, ती त्यातल्या धोक्यामुळेच. कोपर निखळतं ते त्या टेकवलेल्या हातामुळे. पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे म्हटल्यावर सरांनाही मोह होतो: उकेमी कमी करू, एक सेओइनागे (पाठीवरून फेकायचा डाव) पक्का करून घेऊ. तेवढ्यावर तिसऱ्या मिनिटाच्या आत लढत जिंकता येते.

हे घाबरवण्यासाठी लिहीत नाही, पण जपानचा दुसरा धडाही सांगायलाच हवा. तिथे १९८३ पासून सुमारे तीन दशकांत शाळांमधल्या ज्युदोत शंभराहून अधिक मुलं दगावली. बरीचशी डोक्याच्या दुखापतीने. ओसोतो-गारी या पाय झाडून पाडायच्या डावाने मागे फेकलं गेल्यावर डोकं आपटणं हे त्यातलं ठळक कारण. दगावलेल्यांत नवशिकी मुलं जास्त. पालकांनी संघटना काढून, आकडे बाहेर आणून लावून धरलं, तेव्हा कुठे महासंघ हलला. ज्या देशात काळा पट्टा गल्लोगल्ली आहे तिथली ही गोष्ट. फ्रान्सने मात्र १९५५ मध्येच कायदा करून ठेवला होता की ज्युदो शिकवून पैसे घ्यायचे तर सरकारी पदविका हवी. नुसता काळा पट्टा पुरत नाही. आज फ्रान्समधल्या नोंदणीकृत ज्युदोकांची संख्या पाच लाखांच्या घरात आहे, त्यातली बहुतेक लहान मुलं; जपानमध्ये ती दीड लाखाच्याही आत आली आहे. खेळ जन्मला तिथे आटला आणि दूरच्या देशात फोफावला. सगळं श्रेय एका कायद्याला देता येणार नाही, पण फ्रेंच आईवडील पोराला निर्धास्तपणे मॅटवर सोडतात, त्यात शिकवणाऱ्याच्या पात्रतेचा वाटा मोठा आहे. आपल्याकडे कोण कुठे क्लास काढतो, त्याला मेंदूला मार लागल्याची लक्षणं ओळखता येतात का, हे विचारणारं कुणी नाही. पदकं किती, हे विचारणारे मात्र पुष्कळ.

आता विरोधी बाजू. ती कच्ची नाही.

पहिला मुद्दा गरीब घरातल्या मुलांचा. महाराष्ट्रात खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला क्रीडा गुण आहेत. ज्याच्या घरात शिकवणीला पैसे नाहीत त्याच्यासाठी ही खरी शिडी आहे, आणि ती काढून घ्या असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं बारा वर्षांखालच्यांपुरतं आहे. ती शिडी चढायची तर पोरगा सतरा-अठराव्या वर्षी मॅटवर असावा लागतो. दहाव्या वर्षी पदकं जिंकलेली किती मुलं सोळाव्या वर्षी येतात? ज्यांनी क्लब चालवला आहे त्यांनी आपापलं जुनं रजिस्टर काढून बघावं. लहानपणी जिंकणारा बहुधा आधी अंगाने भरलेला असतो. तेराव्या-चौदाव्या वर्षी बाकीचे उंचीने त्याला गाठतात, तो हरू लागतो, आणि हरायची सवय नसल्याने खेळच सोडतो. त्याच्याकडून दहा वेळा हरलेला काटकुळा तोवर कंटाळून गेलेला असतो. दोघंही हातचे जातात.

दुसरा मुद्दा लिंथोई चानंबमचा. मणिपूरची ही मुलगी २०२२ मध्ये साराएव्होला कॅडेट (अठरा वर्षांखालच्या) गटात, ५७ किलोत जगज्जेती झाली. ज्युदोच्या कुठल्याही वयोगटातलं भारताचं हे पहिलं जागतिक पदक. लोक म्हणतात, लहानपणापासून स्पर्धा खेळली म्हणूनच ना? खेळली, नाही कोण म्हणतो. पण ती घडली ती कर्नाटकातल्या विजयनगरच्या संस्थेत मामुका किझिलाश्विली या जॉर्जियन प्रशिक्षकाच्या हाताखाली, रोजच्या सरावाच्या वर्षांमधून. तिथे जेवण, डॉक्टर, मॅट, जोडीदार सगळं होतं. जिल्हा स्पर्धांनी अशी मुलगी कदाचित सापडते, घडत नाही. आणि सापडायला दुसरे मार्गही आहेत.

तिसरा मुद्दा मला सर्वांत जवळचा वाटतो: हरायला शिकायचं कुठे? मुलांना लढत हवी असते, नुसत्या उचिकोमी (न फेकता डावाची उजळणी) करून ती कंटाळतात. बरोबरच आहे. लढत बंद करा असं जपाननेही म्हटलेलं नाही. प्रश्न लढतीला काय चिकटवलं आहे याचा आहे, आणि इथे आपल्याला फार लांब जायची गरज नाही. गावच्या जत्रेतल्या फडात सुरुवातीला लहान पोरांच्या कुस्त्या लागतात, त्या रेवड्यांवर आणि खोबऱ्यावर. वजनकाटा नसतो. फडातली जुनी मंडळी दोन पोरांना समोरासमोर उभं करतात, उंची, खांदे, मांड्या बघतात, 'जोड बरोबर नाही, तो निळ्या चड्डीतला आण' म्हणतात आणि कुस्ती लावतात. जिंकला त्याला मूठभर रेवड्या, हरला त्यालाही थोड्या. इनामाच्या कुस्त्या पुढे, मोठ्यांच्या. कुणाच्या पोराने आदल्या रात्री उपाशी राहायचा प्रश्नच नाही, कारण जोड जागेवरच ठरते. ज्या महाराष्ट्राने खाशाबा जाधव दिले, तिथे पोरांच्या कुस्तीची ही रीत होती आणि अनेक गावांत अजून आहे. तालमी सगळ्याच बाबतीत आदर्श होत्या असं नाही. वस्तादाचा मार, मुलींना मज्जाव, दोन्ही होतंच. पण लहान पोराच्या लढतीला काय लावावं आणि काय लावू नये, हे त्या फडाला कळत होतं.

ज्युदोतही हेच करता येतं. दोन-तीन क्लब रविवारी सकाळी एका हॉलमध्ये जमावेत. मुलांना अंदाजाने जोड्यांत लावावं, प्रत्येकाला तीन-चार लढती मिळाव्यात, हरणाऱ्याला घरी पाठवणारा ड्रॉ नको. गळा आवळणारे आणि सांधा पिळणारे डाव या वयात नकोतच, दोन्ही गुडघ्यांवर एकदम बसून मारलेला सेओइनागेही नको. जपानच्या मुलांच्या नियमांत हे आहेच. पालक बाहेर, किंवा आत पण गप्प. डोक्याला मार लागला, चक्कर आली, तर त्या दिवशी परत मॅटवर नाही, आणि डॉक्टरने सांगितल्याखेरीज पुढेही नाही. यात सरांचा 'काही नाही होत, ऊठ' चालणार नाही. शेवटी सगळ्यांना वडापाव. असा रविवार भरवायला जिल्हा स्पर्धेच्या एका फ्लेक्सपेक्षा फार खर्च येत नाही.

क्लबाला मोजायचंच आहे, तर मोजण्यासारखं बरंच आहे. तीन वर्षांपूर्वी आलेल्या मुलांपैकी आज किती टिकली? मुली किती, आणि बाराव्या-तेराव्या वर्षानंतर त्यांतल्या किती उरल्या? त्या वयात मुली का गळतात हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. कपडे बदलायला आडोसा नाही, स्वच्छतागृहाला कडी नाही, शिकवायला बाई नाही. ज्युदो अंगाला अंग लावून खेळायचा खेळ आहे, शिकवणाऱ्याला मुलाला धरूनच दाखवावं लागतं. म्हणून मॅटवर कधीही एकटा प्रौढ नको, दोन हवेत, आणि त्यांपैकी एक बाई असेल तर उत्तम. २०२३ मध्ये जंतरमंतरवर कुस्तीपटू मुली बसल्या होत्या, ते आठवून तरी अनुदानाच्या फॉर्मात हा रकाना यायला हवा होता. एक हॉल संध्याकाळी दोन तास कायम मिळणं, कडा न झिजलेल्या मॅट आणि प्रशिक्षकाला महिन्याला ठरावीक मानधन एवढं महापालिकेने दिलं आणि बदल्यात टिकलेल्या मुलांचं रजिस्टर मागितलं, तर पदकांमागे धावायचं कारणच उरणार नाही.

जिगोरो कानोंनी १८८२ मध्ये तोक्योतल्या एका देवळाच्या खोलीत बारा ताताम्यांवर (जपानी गवती चटयांवर) ज्युदो सुरू केला. ते पेशाने शिक्षक होते, पुढे शिक्षणखात्यातही मोठ्या पदांवर गेले. भारतात १९२९ मध्ये रवींद्रनाथांनी ताकागाकी या जपानी ज्युदो शिक्षकांना शांतिनिकेतनात बोलावून घेतलं, तेही शाळेसाठीच. मुलामुलींनी शिकावं म्हणून. ऑलिम्पिकमध्ये ज्युदो आला १९६४ मध्ये. म्हणजे त्याआधीची ऐंशीएक वर्षं हा खेळ ऑलिम्पिक पदकाशिवाय मजेत चालला होता.

संघटनेच्या सभेत हा ठराव मांडला तर पडेल, हे मला ठाऊक आहे. प्रवेश फी हे संघटनेचं उत्पन्न आहे आणि लहान गटांत नोंदी सर्वांत जास्त असतात. पण बारा वर्षांखालची नावं न पाठवायला कुणाच्या ठरावाची गरज नाही. फॉर्म क्लबच भरतो. आमच्या बाजूच्या दोन क्लबांशी बोलणं झालं आहे, एकाने होकार दिला, दुसऱ्याचे सर म्हणाले, 'पालक तुमच्याकडून माझ्याकडे येतील, मला काय, चांगलंच आहे.' काही जातीलही. जून महिन्यात नवी नावं घालताना फीच्या पावतीवर हे छापून देणार आहोत, म्हणजे नंतर 'सर, स्पर्धा कधी' असं कुणी विचारायला नको. विचारतील तरीही.